बस मॅपमध्ये दिसते, मग थांब्यावर का येत नाही? पुण्याचा पसारा आणि तुमच्या फोनमधलं वेळापत्रक

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात खोली शोधत होतो. एका एजंटने वाघोलीच्या पुढची एक सोसायटी दाखवली. भाडं खिशाला परवडणारं, पाणी चोवीस तास, आणि वर त्याचं वाक्य : "मेन रोडला बस आहे, चालत पाच मिनिटं." मी मॅप उघडून बघितला. थांबा आणि इमारत यांत बोटभर अंतर दिसत होतं, साधारण ४०० मीटर. लगेच ॲडव्हान्स दिला. पहिल्या सोमवारी कळलं, की त्या ४०० मीटरच्या मधे दुसऱ्या सोसायटीची कंपाउंड भिंत आहे आणि भिंतीपलीकडे ओढा. वळसा घालून थांब्यापर्यंत दीड किलोमीटर. बस दर वीस मिनिटांनी असं ॲप सांगत होतं. त्या दिवशी ती पाऊण तासाने आली.

यात एजंट पूर्ण खोटं बोलला असं नाही, आणि मॅपही चुकीचा नव्हता. दोघांनी अर्धी माहिती दिली आणि उरलेली अर्धी मी विचारली नाही. आजच्या लेखात ती उरलेली अर्धी बघूया. शहर पसरतं म्हणजे काय होतं, त्यात बस मागे का पडते, मॅपला बसची वेळ कळते तरी कशी, आणि खोली किंवा कॉलेज निवडण्याआधी फोनवर नक्की काय तपासायचं.

पुणे किती पसरलं?

आधी थोडे आकडे. २००१ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीत सुमारे २५ लाख लोक होते, २०११ मध्ये ३१ लाख. पिंपरी-चिंचवड त्याच दहा वर्षांत १० लाखांवरून १७ लाखांवर गेलं. नवीन जनगणनेचे आकडे येतील तेव्हा येतील, पण हद्दीचा बदल आत्ताच दिसतोय. ऑक्टोबर २०१७ मध्ये लोहगावचा उरलेला भाग, धायरी, उंड्री, आंबेगाव अशी ११ गावं महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये आणखी २३ : वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, खडकवासला, पिसोळी वगैरे. आधी साधारण २५० चौरस किलोमीटर असलेली महापालिका ५०० च्या वर गेली आणि क्षेत्रफळात मुंबई महापालिकेलाही मागे टाकून बसली. पुढे २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद केली, तरी पसारा मोठाच आहे.

हद्द वाढली म्हणून वस्ती वाढली असं मात्र नाही. उलटं झालंय. वाघोली, धायरी, मांजरीला इमारती आधी उभ्या राहिल्या, महापालिका नंतर पोचली. या भागांचे रस्ते बघा. एक जुना मोठा रस्ता, त्याला फुटलेल्या शेतातल्या पाणंदी, आणि प्रत्येक पाणंदीच्या टोकाला बाराएक मजल्यांची सोसायटी. प्रत्येक बिल्डरने आपापल्या प्लॉटपुरता रस्ता केला. शेजारच्या प्लॉटशी तो जोडायची कुणाला गरज नव्हती, म्हणून शेजारच्या सोसायटीत जायलाही आधी मेन रोडला यावं लागतं. पेठांमध्ये बोळातून बोळ निघतो, इथे बोळ भिंतीला जाऊन थांबतो. बसच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तो कसा, ते पुढे.

१९९४ मध्ये इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी एक गंमतशीर गोष्ट मांडली. माणूस कोणत्याही काळातला असो, दिवसातून साधारण एक तास प्रवासात घालवायला तयार असतो, म्हणजे जायला अर्धा, यायला अर्धा. त्यामुळे शहराचा आकार लोक अर्ध्या तासात किती लांब जाऊ शकतात यावर ठरतो. जुन्या पुण्याला हे लावून बघा. शनिवारवाड्यापासून स्वारगेट चालत अर्धा तास, आणि पेठा तेवढ्यातच आटोपतात. मग सायकल आली, पीएमटी आली, आणि शेवटी स्कूटर. दुचाकीने अर्ध्या तासात दहा-बारा किलोमीटर जाता येतं, तसं शहरही तेवढं ताणलं गेलं. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढे गेला होता, त्यातल्या बहुतेक दुचाकी. थोडक्यात, नवीन पुणं दुचाकीच्या मापाने बेतलेलं आहे. ज्याच्याकडे दुचाकी नाही त्याला ते कपडे ढगळच होणार. अकरावी-बारावीतली मुलं, ज्यांचं लायसन्सचं वयच झालेलं नाही, गाडी न चालवणारे आजी-आजोबा, घरकामाला जाणाऱ्या बायका, गावाहून नुकतेच आलेले विद्यार्थी. यांच्यासाठी "बस आहे का" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कोणतं कॉलेज, कोणती नोकरी, आणि संध्याकाळी किती वाजता घरी, हे सगळं.

पसरलेल्या शहरात बसचं गणित का बसत नाही?

एका थांब्यापर्यंत लोक साधारण ५०० मीटर चालतात असं धरू. थांब्याभोवती ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात सुमारे ७८ हेक्टर जमीन येते. हेक्टरी २०० माणसं राहत असतील तर त्या एका थांब्याच्या टप्प्यात साडेपंधरा हजार लोक आले. हेक्टरी २० असतील तर दीड हजार. बस तीच, ड्रायव्हर-कंडक्टर तेच, डिझेल किंवा चार्जिंग तेवढंच. प्रवासी मात्र दहापट कमी.

आता म्हणाल, वाघोलीत तर टॉवर आहेत, दाटी कमी कुठे? बरोबर आहे. पण टॉवर एकेकटे उभे आहेत, मधे मोकळी शेतं, गोडाउनं, प्लॉटिंग. आणि वर्तुळ कागदावरच गोल असतं. भिंती, ओढे, बंद गेट यांमुळे चालण्याचा खरा टप्पा फाटक्या पापडासारखा दिसतो. माझ्या सोसायटीचं तेच झालं होतं : वर्तुळाच्या आत, पण बसच्या बाहेर.

दुसरं गणित गाड्यांचं. समजा एक मार्ग १८ किलोमीटरचा आहे आणि गर्दीत बसचा सरासरी वेग ताशी १४ किलोमीटर पडतो. एका बाजूला ७७ मिनिटं, दोन्ही बाजू आणि टोकांवरची विश्रांती धरून एक फेरी तीन तासांची. दर १५ मिनिटांनी गाडी हवी असेल तर १२ बस लागतात. आता पुढच्या गावातले लोक म्हणतात, बस आमच्यापर्यंत आणा. मागणी रास्तच आहे. मार्ग ६ किलोमीटर वाढवला, पण गाड्या १२ च ठेवल्या. फेरी जवळपास चार तासांची होते आणि दोन बसमधलं अंतर १५ वरून १९ मिनिटांवर जातं. नवीन गावाला बस मिळाली, पण आधीपासून बसने जाणाऱ्या प्रत्येकाची सेवा थोडी बिघडली. शहर पसरलं की बस अशी पातळ होत जाते. चहात पाणी वाढवत नेण्यासारखं.

गाड्या वाढवल्या तर? तो खरा उपाय आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मापदंडांमध्ये सगळ्यात वरच्या श्रेणीसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा जास्त बस हव्यात, म्हणजे लाखाला ६०. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची २०११ मधली लोकसंख्या धरली तरी हिशोब २९०० बसच्या आसपास जातो. पीएमपीएमएलचा ताफा गेली काही वर्षं दोन हजारांच्या आगेमागे आहे, आणि त्यातल्या सगळ्याच गाड्या रोज रस्त्यावर नसतात. गेल्या पंधरा वर्षांत वाढलेली माणसं या हिशोबात धरलेलीच नाहीत.

यात पैशाचीही एक गाठ आहे. पीएमपीएमएल ही कंपनी २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली (आपण अजूनही तिला पीएमटीच म्हणतो, ते सोडा). तिची तूट दोन महापालिका भरतात, ढोबळमानाने ६० आणि ४० टक्के. पण रोज लाखो लोक ज्या हिंजवडीला जातात, ते गाव २०२५ पर्यंत तरी यातल्या एकाही महापालिकेत नव्हतं. कारभार ग्रामपंचायतीचा, आयटी पार्क एमआयडीसीचं, भोवतालचं नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचं. बस दोन महापालिकांच्या पैशांवर चालणार आणि जाणार तिसऱ्याच्या हद्दीत. अशा ठिकाणी फेऱ्या वाढवायच्या म्हटलं की पैसे कुणी द्यायचे यावर पहिला अर्धा तास जातो, असा माझा अंदाज आहे.

मॅपला बसची वेळ कशी कळते? जीटीएफएस म्हणजे काय?

आता फोनकडे येऊ. मॅपमध्ये तुम्ही "कात्रज ते शिवाजीनगर" टाकता आणि बसचं चिन्ह दाबता. दोन सेकंदात उत्तर येतं : अमुक नंबरची बस, ९ वाजून १२ मिनिटांनी, ४ मिनिटं चालणं. हे कुठून येतं?

२००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँड शहराच्या वाहतूक संस्थेत काम करणाऱ्या बिबियाना मॅकह्यू यांना एक प्रश्न पडला होता. गाडीने जायचा रस्ता नेटवर चुटकीसरशी मिळतो, मग बसने जायचा का मिळू नये? गूगलमधले क्रिस हॅरेल्सन त्याच वेळी अशाच गोष्टीवर काम करत होते. दोघांच्या प्रयत्नातून बसचं वेळापत्रक कॉम्प्युटरला समजेल अशा पद्धतीने लिहायची एक साधी रीत तयार झाली. तीच आज जीटीएफएस म्हणून ओळखली जाते. यातल्या 'जी'चा अर्थ सुरुवातीला गूगल होता, पुढे तो बदलून 'जनरल' केला, कारण गूगलशिवाय इतर ॲपही ती वापरू लागली.

आत बघितलं तर यात जादू काही नाही. थोड्या साध्या टेक्स्ट फाइली, एक्सेलच्या तक्त्यासारख्या, एका झिपमध्ये बांधलेल्या. एका फाइलमध्ये सगळे थांबे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश. दुसरीत मार्ग. तिसरीत फेऱ्या, म्हणजे सकाळी सहाची, सव्वासहाची अशी प्रत्येक खेप. चौथी सगळ्यात जाडजूड : कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता. शिवाय कॅलेंडरची एक फाइल असते, रविवारी कोणत्या फेऱ्या नाहीत ते सांगणारी. मला यातली एक गोष्ट फार आवडते. मध्यरात्रीनंतर पोचणारी शेवटची गाडी नवीन दिवसात धरत नाहीत. रात्री १ वाजून १० मिनिटांची वेळ तिथे २५:१० अशी लिहितात, कारण ड्रायव्हरसाठी अजून कालचीच ड्युटी चालू असते.

मॅप या फाइली वाचतो आणि तुमच्या जागेपासून कोणता थांबा, कोणती फेरी, कुठे बदल, असं जोडत जातो. म्हणजे मॅपचं उत्तर या फाइलींइतकंच ताजं असतं. थांबा पुलाच्या कामामुळे १०० मीटर सरकला आणि फाइलीत जुनाच राहिला, तर मॅप तुम्हाला ठामपणे चुकीच्या जागी उभं करतो. फेरी बंद झाली आणि फाइल बदलली नाही, तर तुम्ही कधीच न येणाऱ्या बसची वाट बघता.

काही शहरांनी हा डेटा सगळ्यांसाठी खुला केला आहे. २०१८ मध्ये कोची मेट्रोने आपलं वेळापत्रक खुलं केलं, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या परिवहन विभागाने आयआयआयटी दिल्लीसोबत बसच्या खुल्या डेटाचं पोर्टल सुरू केलं. त्याचा फायदा असा, की कॉलेजचे विद्यार्थी हा डेटा उतरवून घेऊन "कोणत्या वस्तीला रात्री नऊनंतर बसच नाही" असे नकाशे स्वतः करू शकतात. कोणी अर्ज करून उत्तराची वाट बघत बसायला नको.

लाइव्ह बस दिसते आणि मधेच गायब का होते?

वेळापत्रक हे ठरलेलं असतं. बस प्रत्यक्ष कुठे आहे ही वेगळी गोष्ट. त्यासाठी गाडीत जीपीएसचा डबा असतो. एआयएस-१४० नावाच्या भारतीय मानकानुसार सार्वजनिक प्रवासी वाहनांत असं यंत्र आणि धोक्याच्या वेळी दाबायचं बटण असणं अपेक्षित आहे. या डब्यात सिमकार्ड असतं. काही सेकंदांच्या अंतराने तो आपली जागा सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर ती ॲपला देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेलं 'आपली पीएमपीएमएल' हे ॲप याच तत्त्वावर बसची जागा दाखवतं आणि त्यावर यूपीआयने तिकीटही काढता येतं.

गंमत पुढे आहे. सर्व्हरला फक्त गाडी कळते, मार्ग कळत नाही. गाडी क्रमांक अमुक आत्ता हडपसर गाडीतळाला उभी आहे, एवढंच. ती आज कोणत्या मार्गावर आहे हे डेपोतल्या कुणीतरी सिस्टीममध्ये भरावं लागतं. सकाळी एक गाडी बंद पडली, तिच्या जागी दुसरी पाठवली आणि ती नोंद राहून गेली, की ॲपमध्ये तुमची बस गायब. ती समोरून येते, पण ॲपला ती दुसऱ्याच मार्गाची वाटते. उलटंही होतं. गाडी डेपोत परत चालली आहे, पण ॲपमध्ये ती आपल्याकडे येताना दिसते.

बस "६ मिनिटांत" हा आकडाही अंदाज असतो. त्या रस्त्यावर बस एरवी किती वेगाने जाते त्यावरून काढलेला. रोजच्या ट्रॅफिकला तो बरा चालतो. लग्नाची वरात किंवा पालखी आली की कोलमडतो. मॅपमध्ये वेळेच्या शेजारी लहरींसारखं छोटं चिन्ह असेल तर ती वेळ लाइव्ह, नसेल तर ती नुसती वेळापत्रकातली. हा फरक लक्षात ठेवा, निम्मा मनस्ताप वाचेल.

दर वीस मिनिटांनी बस, मग चाळीस मिनिटं का थांबलो?

बस दर २० मिनिटांनी असेल आणि तुम्ही वेळ न बघता थांब्यावर गेलात, तर सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. पण बस जोडीने धावायला लागल्या तर? पुढच्या बसला गर्दी जास्त लागते, चढ-उतारीत वेळ जातो, ती मागे पडते. मागच्या बससाठी थांब्यावर माणसंच उरत नाहीत, ती पुढे सरकत येते. शेवटी दोघी एकापाठोपाठ. आता दोन बस एकदम येणार आणि मग ४० मिनिटं काहीच नाही. तासाला बस तितक्याच, तीन. पण तुमचं सरासरी थांबणं १० वरून २० मिनिटांवर गेलं. कागदावर काहीच बदललेलं नाही, रेकॉर्ड म्हणेल सगळ्या फेऱ्या झाल्या.

मार्ग जितका लांब, तितकं हे जास्त होतं, कारण उशीर साठत जातो. म्हणूनच पसरलेल्या शहराच्या टोकाला राहणाऱ्याचं दुखणं दुहेरी आहे. बस कमी, आणि जी आहे ती बेभरवशाची. बसला स्वतःची लेन दिली तर हे बरंच आटोक्यात येतं. पुण्याने हा प्रयोग देशात सर्वात आधी, २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर केला. पुढे २०१५ मध्ये 'रेनबो' नावाने आणखी मार्ग आले. त्यातल्या काही लेन नंतर उखडल्या गेल्या. माझं मत विचाराल तर लेन उखडताना गाड्यांच्या रांगा मोजल्या गेल्या, माणसं मोजली गेली नाहीत. भरलेली एक बस म्हणजे साठ माणसं, आणि साठ दुचाकींना रस्ता किती लागतो ते कोणत्याही सिग्नलला बघून घ्या.

मेट्रो आली, पण स्टेशनपर्यंत?

६ मार्च २०२२ ला पुण्यात मेट्रो सुरू झाली. आज वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट अशा दोन मार्गिका चालू आहेत, मिळून साधारण ३३ किलोमीटर. वक्तशीर आहे, एसी आहे, विद्यार्थ्यांना सवलतीचा पासही आहे. रुळांवर ती भरवशाची, पण तुमचं घर रुळांवर नाही.

वाघोलीवाल्याला रामवाडीपर्यंत यायलाच आठएक किलोमीटर आहेत, त्याच नगर रोडच्या गर्दीतून. रामवाडीपासून वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत आणि वनाजपासून चांदणी चौकापर्यंत मार्ग वाढवायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, एकूण पावणेतेरा किलोमीटर. मंजुरी आणि गाडी यांत किती वर्षं जातात हे पुणेकराला सांगायला नको : पहिल्या दोन मार्गिकांचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि स्वारगेटपर्यंत गाडी पोचली सप्टेंबर २०२४ मध्ये. तोवर स्टेशन ते घर हा तुकडा शेअर रिक्षा, फीडर बस किंवा "आई, घ्यायला ये" यावर चालतो. खर्च जोडताना मेट्रोचं तिकीट पंधरा-वीस रुपये आणि पुढे रिक्षा ऐंशी असं झालं तर महिनाअखेरीला दुचाकीचा हप्ताच स्वस्त वाटू लागतो. लोक बस-मेट्रो सोडतात ते बहुतेक वेळा या शेवटच्या तुकड्यापायी.

खोली घेण्याआधी फोनवर काय तपासाल?

मित्रांनो, आता कामाची गोष्ट. ही पाच मिनिटं मी तेव्हा खर्च केली असती तर ॲडव्हान्सचे पैसे वाचले असते.

सगळ्यात आधी पिन इमारतीवर टाकू नका, सोसायटीच्या गेटवर टाका. इमारतीच्या मध्यावर टाकलेली पिन मॅप जवळच्या रस्त्याला चिकटवतो, आणि तो रस्ता मागच्या भिंतीपलीकडचा असू शकतो. मग गेट ते थांबा असा चालण्याचा रस्ता काढा आणि सरळ रेषेतल्या अंतराशी ताडून बघा. सरळ ४०० मीटर आणि चालत ६००, हे ठीक. चालत १५०० असेल तर समजून जा.

दुसरं, "आत्ता" निघालो तर किती वेळ, हे बघू नका. तुम्ही दुपारी तीनला खोली बघताय, कॉलेज सकाळी साडेसातचं आहे. मॅपमध्ये बसचा पर्याय निवडल्यावर वेळेवर टॅप केलं की किती वाजता निघायचं, किती वाजेपर्यंत पोचायचं असे पर्याय येतात. येत्या मंगळवारची खरी वेळ टाका. तिथेच शेवटची उपलब्ध गाडी दाखवणारा पर्यायही असतो. तो फारसा कुणी वापरत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. क्लास, लायब्ररी, सेकंड शिफ्ट, मित्राचा वाढदिवस, सगळं त्या एका वेळेवर अडतं. शेवटची बस रात्री ९:२० ची असेल तर तुमचं शहर रात्री ९:२० ला बंद होतं.

तिसरं, पहिल्या बसच्या मागची बस किती वाजता आहे ते बघा. पहिला पर्याय ४५ मिनिटांत पोचवतो म्हणून खूश होऊ नका. ती चुकली तर पुढची एक तासाने असेल, तर तुमचा खरा प्रवास ४५ मिनिटांचा नाही. दुचाकीचा वेळही काढून बाजूला ठेवा. बसला दुचाकीच्या दीडपट वेळ लागत असेल तर माणूस निभावून नेतो, पुस्तक वाचतो, झोप काढतो. अडीचपट-तिप्पट असेल तर दोन महिन्यांत दुचाकी घ्याल, मग भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये. आणि हे सगळं झाल्यावर एकदा प्रत्यक्ष सकाळी त्या थांब्यावर अर्धा तास उभे राहा. टपरीवाल्याला विचारा. त्याच्याइतकं वेळापत्रक कुठल्याच सर्व्हरला पाठ नसतं.

अजून खोलात जायचं असेल तर 'समकाल नकाशा' करून बघा. एका जागेपासून १० मिनिटांत चालत कुठवर जाता येतं, तेवढा भाग रंगवून दाखवणारा नकाशा. कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८१ मध्ये लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं याचा असा नकाशा काढला होता. आज 'ओपनरूटसर्व्हिस' या मोफत साइटवर तो फोनवरूनही निघतो. थांब्यावर टॅप करा, चालणं आणि १० मिनिटं निवडा. पेठेतल्या थांब्याभोवती भरगच्च आकार येतो. बाहेरच्या गावांत मेन रोडवर लांबट पट्टा आणि त्याला दोन-तीन शेपट्या. मी माझ्या जुन्या थांब्याचा काढला तेव्हा माझी इमारत रंगाच्या बाहेर, पांढऱ्या भागात होती.

नकाशात नसलेली वाट तुम्ही टाकू शकता

ही साइट ज्या नकाशावर चालते तो 'ओपनस्ट्रीटमॅप', विकिपीडियासारखा, लोकांनी भरलेला. २००४ पासून चालू आहे आणि कुणीही दुरुस्त करू शकतो. बाहेरच्या भागांत त्यात बरंच राहून गेलंय : दोन सोसायट्यांमधलं छोटं फाटक, ओढ्यावरचा साकव, शाळेमागची पायवाट. अँड्रॉइड असेल तर 'स्ट्रीटकम्प्लीट' हे ॲप घ्या. तुम्ही चालत असताना ते साधे प्रश्न विचारतं : या थांब्याला शेड आहे का? बसायला बाक आहे का? थांब्याचं नाव काय? उत्तर दिलं की नकाशात नोंद होते. गूगलच्या मॅपमध्येही चुकीची जागा कळवता येते, पण ती माहिती त्यांच्याकडेच राहते. ओपनस्ट्रीटमॅपमधली कुणालाही उतरवून घेता येते, मग तो विद्यार्थी असो, पत्रकार असो किंवा महापालिकेचा इंजिनीअर.

मी सोडलेल्या त्या सोसायटीत आता एक मित्र राहतो. मागच्या दिवाळीत तिथल्या लोकांनी शेजारच्या सोसायटीशी बोलून कंपाउंड भिंतीत एक फाटक पाडून घेतलं, सकाळी सहा ते रात्री दहा उघडं असतं. ओढ्यावर दोन सिमेंटचे पाइप टाकलेत. थांबा आता सहा मिनिटांवर आहे. ती वाट मी नकाशात टाकली, आणि वेळेच्या रकान्यात सहा ते दहा असंही लिहिलं, म्हणजे रात्री साडेदहाच्या बसने उतरणाऱ्याला मॅप बंद फाटकाकडे पाठवणार नाही.